नजर बसते म्हणजे काय?

रविवारी गडचांदूरच्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना रंगात आला की सीमारेषेबाहेर बसलेल्या जाणत्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "आता याची नजर बसली." दहा मिनिटांपूर्वी याच फलंदाजाची बॅट हवेत फिरत होती. गोलंदाज तोच, खेळपट्टी तीच, सिमेंट कारखान्याकडून येणारी धूळही तीच. तरीही आता चेंडू बॅटच्या मधोमध लागतो आहे.

मराठीतला हा वाक्प्रचार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. नजर 'तीक्ष्ण झाली' किंवा 'वाढली' असे कोणी म्हणत नाही. घडी बसते, हात बसतो, तशी नजर बसते. वेगवान चेंडूच्या खेळात तरबेज खेळाडू नेमके काय पाहतो, या प्रश्नाचा शास्त्रीय शोध गेली शंभर वर्षे चालू आहे आणि तो बऱ्याच आडवळणांनी या साध्या क्रियापदापाशी येऊन पोचला आहे. हा धागा त्या शोधाच्या इतिहासाचा आहे. त्यातले एक महत्त्वाचे पान पुण्यातले आहे, पण ते प्रयोगशाळेच्या वहीत सापडत नाही.

आधी थोडे गणित. खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते. गोलंदाज पुढे झेपावून चेंडू सोडतो आणि फलंदाज क्रीझच्या थोडा पुढे उभा असतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साधारण १८ मीटर कापायचे असतात. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. या वेगाने चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही धड मिळत नाही. त्यातच चेंडू कुठे पडेल हे ओळखायचे, पुढे जायचे की मागे ते ठरवायचे, पाय हलवायचे आणि बॅट खाली आणायची. शिवाय सेकंदाला ३० मीटर वेगाचा चेंडू ५ मिलिसेकंदांत १५ सेंटिमीटर पुढे सरकतो. फटका काही मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा आला तरी चेंडू भलतीकडे जातो.

हे साधारण माणसाला जमत नाही आणि काहींना सहज जमते. म्हणजे त्या काहींचे डोळे किंवा मज्जातंतू वेगळे असले पाहिजेत, हे पहिले आणि सर्वांत स्वाभाविक उत्तर. त्याची पाळेमुळे खेळाच्या मैदानाबाहेर, एका वेधशाळेत आहेत.

१७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या साहाय्यकाला कामावरून काढले. तारा दुर्बिणीतील तारेला ओलांडतो तो क्षण हा साहाय्यक मास्केलिन यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवी. बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या लक्षात आले की असा फरक कोणत्याही दोन निरीक्षकांत असतोच. त्यात हलगर्जीपणाचा प्रश्न नाही. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी मज्जातंतूंतील संदेशाचा वेग मोजला आणि तो अनेकांना वाटत होता तसा तात्काळ नसून चांगलाच मर्यादित निघाला. पाहणे आणि हालचाल करणे यांच्यामध्ये काही काळ जातो आणि तो मोजता येतो, ही कल्पना अशी रुजली. मग तो काळ ज्याचा कमी तो खेळाडू मोठा, असे समीकरण जुळायला वेळ लागला नाही.

१९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी बेसबॉलचा नायक बेब रूथ याला उपकरणांपुढे बसवले. दिवा लागला की बटण दाबायचे, छिद्रांत सळई टोचायची, क्षणभर दाखवलेली अक्षरे ओळखायची. निष्कर्ष वृत्तपत्री थाटात जाहीर झाले : रूथचे डोळे, कान, मेंदू आणि स्नायू सरासरी माणसापेक्षा जलद चालतात. लोकांना हेच ऐकायचे होते. रूथला चेंडू मारताना मात्र या चाचण्यांत कोणी तपासले नव्हते, आणि ही त्रुटी पुढची पन्नासएक वर्षे बहुतेकांच्या ध्यानातही आली नाही.

हिंदुस्थानच्या बाबतीत या समजुतीला आणखी एक रंग चढला. १८९६ मध्ये रणजितसिंहांनी इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. त्यांचा लेग-ग्लान्स पाहून इंग्लिश लेखकांना पौर्वात्य जादू, गारुडी, लवचीक मनगटे असले शब्द सुचू लागले. वरवर ही स्तुतीच होती. पण इंग्रज फलंदाज चांगला खेळला की त्याचे तंत्र, आणि हिंदी फलंदाज खेळला की त्याचे रक्त, असा हा हिशेब होता. केंब्रिजच्या दिवसांत रणजींनी व्यावसायिक गोलंदाजांना पैसे देऊन तासन्‌तास सराव केला होता, हे त्या जादूच्या कथेत फारसे येत नाही.

जलद मज्जातंतूंचा सिद्धान्त खरा असता तर वय वाढताच फलंदाजाने संपायला हवे होते, कारण प्रतिक्रियेचा वेग तिशीनंतर हळूहळू मंदावतो. महाराष्ट्रापाशी याविरुद्धचा पुरावा फार पूर्वीपासून पडून होता. तो पुरावा आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, एवढेच. पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म १८९२ चा. १९४०-४१ च्या रणजी हंगामात, पन्नाशीला टेकलेले असताना, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. पन्नाशी ओलांडल्यावर १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली. चांदा जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता त्याच्या राजधानीत, नागपुरात, १८९५ मध्ये जन्मलेले सी. के. नायडू तर साठी उलटल्यावरही रणजी सामन्यात अर्धशतक करून गेले. साठीतल्या माणसाचे मज्जातंतू विशीतल्या गोलंदाजाशी शर्यत जिंकत नसतात. मग नायडू जिंकत होते ते कशाच्या बळावर?

याचे उत्तर एका मॅटखाली सापडले. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ पीटर मॅकलाउड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका साधा आहे की तो आधी कोणी का केला नाही याचे नवल वाटते. त्यांनी खेळपट्टीवर मॅट अंथरली आणि तिच्याखाली अर्ध्या इंचाच्या लाकडी कांड्या चेंडूच्या दिशेला समांतर लपवल्या. चेंडू यंत्रातून यायचा. तो कांडीच्या उजव्या अंगाला पडला तर एकीकडे वळे, डाव्या अंगाला पडला तर दुसरीकडे, आणि कधी सरळ जाई. कोणता चेंडू काय करील हे आधी ओळखणे अशक्य होते. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले शहाणपण बाजूला सारून शुद्ध प्रतिक्रियेचा वेग मोजण्याची ही सोय होती. ज्यांनी गावाकडे मॅटवर क्रिकेट खेळले आहे त्यांना मॅटखालच्या खड्याने उडालेला चेंडू आठवेल. मॅकलाउड यांनी तो खडा मुद्दाम, मोजूनमापून ठेवला.

फलंदाज होते इंग्लंडचे कसोटीपटू ॲलन लॅम्ब, वेन लार्किन्स आणि पीटर विली. हालचालींचे वेगवान चित्रण तपासल्यावर दिसले की चेंडू टप्पा पडून वळल्यानंतर सुमारे २०० मिलिसेकंद या तिघांच्याही बॅटची दिशा बदलत नाही. हौशी खेळाडूला लागतो तेवढाच हा वेळ आहे. जगातल्या उत्तम गोलंदाजांना तोंड देणाऱ्या माणसांचे मज्जातंतू तुमच्याआमच्यासारखेच निघाले.

या २०० मिलिसेकंदांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापुढे चार-साडेचार मीटरवर पडला तर तिथून बॅटपर्यंत यायला जेमतेम दीडशे मिलिसेकंद लागतात. टप्प्यानंतर चेंडूने काय केले ते पाहून फटका बदलायला वेळच उरत नाही. जे करायचे ते टप्प्याआधी ठरलेले असावे लागते. चांगला फलंदाज चेंडूला प्रतिसाद देतो ही आपली समजूत निम्मीच खरी आहे. बराचसा वेळ तो भाकीत करत असतो.

मग भाकीत कशावरून? १९७० आणि ८० च्या दशकांत संशोधकांनी एक युक्ती काढली. १९७८ मध्ये टेनिसच्या सर्व्हिसची फिल्म ठरावीक क्षणी तोडून प्रेक्षकाला विचारण्यात आले, चेंडू कुठे पडेल? पुढे ऑस्ट्रेलियात ब्रूस ॲबरनेथी यांनी ही पद्धत बॅडमिंटन, स्क्वॉश आणि क्रिकेटपर्यंत नेली. चेंडू हातातून सुटण्याआधीच फिल्म तोडली तरी कसलेले खेळाडू नवख्यांपेक्षा चांगला अंदाज बांधत. त्यांना माहिती मिळत होती ती गोलंदाजाच्या देहातून : धावत येण्याची लय, खांदा, दंड, आणि सर्वांत अधिक म्हणजे मनगट व बोटे. नवखा चेंडूची वाट पाहतो. मुरलेला हात वाचतो.

२००० मध्ये मायकेल लँड आणि मॅकलाउड यांनी वेगवेगळ्या पातळीच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा बसवला. 'चेंडूवरून नजर हटवू नकोस' हा प्रत्येक प्रशिक्षकाचा मंत्र. कॅमेऱ्याला दिसले ते वेगळेच. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, क्षणभर थांबतो, आणि मग चेंडूला मागे टाकून त्याची नजर टप्प्याच्या अपेक्षित जागेवर उडी मारते. चेंडू तिथे पोचतो तेव्हा डोळे आधीच येऊन थांबलेले असतात. ही उडी जितकी लवकर, तितका फलंदाज सरस. नजर बसते ती अक्षरशः : चेंडूच्या आधी जाऊन जागा धरून बसते.

इथवरचा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा. हात वाचायला शिकायचे तर वाचायला हात हवेत, आणि हजारो वेळा हवेत. ते कोणाला मिळाले?

१८९० च्या दशकाच्या आरंभी पुण्यात युरोपियनांच्या क्लबात बाळू पालवणकर नावाचा तरुण कामाला होता. चर्मकार समाजातला. पगार महिना चार रुपये. त्याआधी पारशी क्लबात तीन होते. काम खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे, जाळी लावण्याचे, टेनिसच्या मैदानावर रेषा मारण्याचे. साहेबांनी सांगितले की चेंडूही टाकायचा. तो डावखुरा मंदगती गोलंदाज म्हणून तयार होत गेला. क्लबाचे सर्वोत्तम फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग यांनी त्याला हेरले. असे सांगतात की ग्रेग इतरांच्या तासभर आधी सरावाला येत आणि बाळूने बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे देत. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्याला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा पगार.

आता मॅकलाउड यांचे गणित या जाळीत आणून पाहावे. मंदगती चेंडू सेकंदाला २०-२२ मीटरने येतो. तो तीन मीटर पुढे पडून वळला तर बॅटपर्यंत पोचायला पुन्हा दीडशे मिलिसेकंदांच्या आसपासच लागतात. संथ गोलंदाजीत भरपूर वेळ असतो हा भ्रम आहे. टप्प्यानंतर ग्रेगही आंधळेच होते. त्यांना बाळूचे मनगट वाचावे लागत असे आणि आठ आणे हवे असतील तर बाळूला ते लपवावे लागत असे. रोज सकाळी, मोकळ्या क्लबात, एक जण वाचायला शिकत होता आणि दुसरा न वाचू द्यायला. ॲबरनेथींच्या फिल्मआधी नव्वद वर्षे हा प्रयोग आठ आणे दराने चालू होता.

दोघेही त्यातून घडले. ग्रेग त्या काळच्या हिंदुस्थानातील अव्वल युरोपियन फलंदाज ठरले. बाळूला पुढे पुण्याच्या हिंदूंनी, आपसांत बऱ्याच कुरबुरीनंतर, संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच्याच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. संघाचे कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

या कथेतली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र बळींच्या यादीत नाही. बाळू क्लबात शेकडो तास चेंडू टाकत राहिला, पण रामचंद्र गुहा यांनी नोंदवल्याप्रमाणे त्या जाळीत त्याच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. बॅट साहेबांची. म्हणजे ग्रेग यांची नजर ज्या हजारो चेंडूंवर बसली ते चेंडू बाळूचे होते. बाळूची नजर बसावी म्हणून चेंडू टाकणारे कोणी नव्हते. सामन्याची धावपत्रिका उरते, सरावाच्या चेंडूंची उरत नाही. म्हणून फलंदाजाची 'उपजत' नजर इतिहासात नोंदली जाते आणि ती घडवणारा हात तिच्यातून गळतो.

फलंदाजी ही दुसऱ्याच्या श्रमावर शिकायची विद्या आहे. गोलंदाजाला चेंडू आणि एक भिंत पुरते. फलंदाजाला समोर माणूस लागतो, तोही चांगला, आणि तो रोज लागतो. चिखलवाडीत लहानग्या सुनील गावसकरांना टेनिस बॉल टाकणाऱ्या त्यांच्या आई होत्या. एक फटका त्यांच्या नाकावरही बसला होता. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत : जो सचिनला बाद करील त्याचे नाणे, कोणी बाद करू शकले नाही तर सचिनचे. ग्रेग यांच्या आठ आण्यांची आठवण यावी अशी ही युक्ती. फरक इतकाच की तिथे चेंडू टाकणारी मुलेही आचरेकरांचीच शिष्य होती.

या अंगाने पाहिले तर एक जुना नमुना अजून पुसलेला दिसत नाही. विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव, नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. तरुणपणापर्यंत तो टेनिस बॉलच खेळत होता. लेदर बॉल हाती उशिरा आला. तरी २०११ मध्ये तो कसोटीपर्यंत पोचला, तो वेगवान गोलंदाज म्हणून. श्रीरामपूरचा झहीर खानही गोलंदाजच. साधने नसलेल्या ठिकाणाहून येणाऱ्याला गोलंदाजीचे दार थोडे अधिक उघडे असते. हा नियम पक्का नाही. टेनिस बॉलवर वाढलेला महेंद्रसिंग धोनी फलंदाज म्हणूनच वर आला. पण त्याचे नाव अपवाद म्हणून चटकन आठवते, यातच काय ते आले.

कारण वाचलेला हात त्या त्या चेंडूपुरताच कामाला येतो. टेनिस बॉल वेगळा उसळतो, हवेत वेगळा मंदावतो आणि त्याला शिवण नसते. २००४ मध्ये अमेरिकेत सॉफ्टबॉलची गोलंदाज जेनी फिंच हिने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलच्या बलाढ्य फलंदाजाला सहज बाद केले. तिच्या चेंडूला लागणारा वेळ त्याच्या ओळखीचा होता, पण खालून फिरणारा तिचा हात त्याने आयुष्यात वाचला नव्हता. टेनिस बॉलवर राजा असलेल्या मुलाचे पहिल्या लेदर बॉल शिबिरात हेच होते. मग 'याच्यात मुळातच नाही' असा शेरा पडतो, तो बहुतेकदा चुकीचा असतो.

विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिला रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते आचरेकरांच्या तालमीतले चंद्रकांत पंडित, आणि संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. पुढच्या हंगामात, वयाच्या ४१ व्या वर्षात, जाफरने १,०३७ धावा केल्या आणि करंडक विदर्भाकडेच राहिला. देवधर-नायडूंचा जुना पुरावा पुन्हा एकदा नागपुरात दाखल झाला. मुंबईच्या मैदानांवर वीस-पंचवीस वर्षे वाचलेले हात तो सोबत घेऊन आला होता.

आता तालुक्यांच्या गावांतही चेंडू फेकणारी यंत्रे येऊ लागली आहेत. पाय हलवण्याच्या सरावाला ती बरी. पण दोन फिरत्या चाकांना मनगट नसते, खांदा नसतो. यंत्रापुढे तयार झालेला मुलगा चेंडू सुटल्यानंतरचे तेवढे शिकतो. सुटण्याआधीचे पान त्याच्यासाठी कोरेच राहते.

गडचांदूरच्या पोरांकडे यंत्र नसेल, पण हात भरपूर आहेत : कोणी कोपरातून झटका देणारा, कोणी उलट्या पायावर टाकणारा, एखादा डावखुरा. संध्याकाळी खेळ सुरू होण्याआधी मातीत आकडे लिहितात, वर बॅट आडवी ठेवून झाकतात आणि एकेकाने आपली जागा निवडायची. असे नंबर पडतात. शेवटचा नंबर आलेला पोर कुरकुर करत आधी चेंडू टाकायला जातो, कारण अंधार पडायच्या आत त्याचीही बॅटिंग येणार असते.